कार्ल ब्रुलोव : 'पॉम्पेईचा शेवटचा दिवस' आणि त्यानंतरची एकोणीस वर्षं

रेघोटी (धागाकर्ती)

रशियन चित्रकलेचा विषय निघाला की आपल्याकडे रेपिन आठवतो, फार तर ऐवाझोव्स्कीचा समुद्र. कार्ल ब्रुलोव (१७९९–१८५२) हे नाव सहसा निघत नाही. निघालंच तर 'तो अकादमीवाला' एवढ्यावर बोळवण होते. मला हे पटत नाही. ब्रुलोव पीटर्सबर्गच्या सरकारी कला अकादमीत घडला, ऐतिहासिक चित्रांच्या त्या सगळ्या कडक शिस्तीत वाढला, हे खरंच आहे. पण त्याच शिस्तीच्या जोरावर त्यानं एक असं ऐतिहासिक चित्र काढलं, ज्यात राजा नाही, सेनापती नाही, नायकच नाही. पळणारी माणसं आहेत. त्यावर सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

घराणं मूळचं फ्रेंच प्रोटेस्टंट, आडनाव ब्रुलो. पणजोबा १७७३ मध्ये पीटर्सबर्गच्या चिनी मातीच्या कारखान्यात कामाला आले आणि कुटुंब तिथलंच झालं. वडील पावेल लाकडी नक्षीकामात वाकबगार, अकादमीत शिकवायचे. कार्ल लहानपणी इतका आजारी, की सातव्या वर्षापर्यंत बहुतेक काळ अंथरुणातच गेला. वडिलांनी त्याला तिथेही सूट दिली नाही. नेमून दिलेली चित्रं पुरी झाल्याशिवाय न्याहारी मिळायची नाही. एकदा त्यांनी असा तडाखा दिला, की पोराचा डावा कान कायमचा गेला. १८०९ मध्ये, दहाव्या वर्षी, तो इम्पीरियल अकादमीत दाखल झाला आणि १८२१ मध्ये सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला.

त्या अकादमीत चित्रप्रकारांची उतरंड ठरलेली होती. सगळ्यात वर ऐतिहासिक चित्र, आणि त्यात बायबल, ग्रीक-रोमन पुराणं, प्राचीन इतिहास हे सगळं आलं. व्यक्तिचित्र, निसर्गचित्र, रोजच्या जगण्यातले प्रसंग यांचं स्थान त्याच्या खाली. पदकाच्या परीक्षेला विषय वरून नेमून दिला जाई. ब्रुलोवला आला तो अब्राहमला तीन देवदूत दिसल्याचा. त्याआधीचं त्याचं 'नार्सिसस' (१८१९) जरूर शोधून बघा. उघड्या अंगाचा तरुण पाण्यात स्वतःचं प्रतिबिंब पाहतोय, हा विद्यार्थ्यांना दिला जाणारा नेहमीचाच विषय. पण भोवतीची झाडं आणि पानांतून झिरपणारा उजेड कुणी पुतळा समोर ठेवून रंगवलेला नाही, तो बाहेर जाऊन पाहिलेला आहे. वीस वर्षांच्या पोराची ही नजर मला फार महत्त्वाची वाटते.

१८२२ मध्ये कलाकारांना उत्तेजन देणाऱ्या एका नव्या संस्थेनं कार्लला आणि त्याचा वास्तुविशारद भाऊ अलेक्सांद्र याला इटलीला पाठवलं. ब्रुलोचं ब्रुलोव झालं ते याच वेळी, झारच्या परवानगीनं. १८२३ मध्ये दोघं रोमला पोचले. तिथे कार्लनं 'इटालियन सकाळ' काढलं, झऱ्यावर तोंड धुणारी तरुणी. ते पीटर्सबर्गला गेलं, झार निकोलाय पहिल्यानं ते आपल्या पत्नीला दिलं आणि त्याला जोडीचं दुसरं चित्र हवं झालं. म्हणून 'इटालियन दुपार' (१८२७) आलं : शिडीवर चढून द्राक्षं तोडणारी, भरल्या अंगाची, हसरी बाई. संस्थेतल्या मंडळींना ती आवडली नाही. मॉडेल प्रमाणबद्ध नाही, असा निरोप आला. ब्रुलोवनं उत्तर कळवलं, त्याचा आशय असा : मोजूनमापून घडवलेलं सौंदर्य पुतळ्यांचं, जिवंत माणसं त्याहून निराळी असतात आणि पुष्कळदा जास्त मोहक असतात. पुढे या संस्थेशी त्याचं फाटलं. ज्याला आपण निव्वळ अकादमीवाला म्हणतो त्याचं हे उत्तर आहे.

आता पॉम्पेई.

१८२७ मध्ये तो पॉम्पेईचे, म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या रोमन नगराचे, अवशेष पाहायला गेला. भाऊ अलेक्सांद्र तिथल्या स्नानगृहांची मोजमापं घेऊन आराखडे करत होता, ते १८२९ मध्ये पॅरिसला छापले गेले. म्हणजे घरातच उत्खननाची चर्चा चालू होती. कार्लनं चित्रासाठी जागा निवडली ती नगरद्वाराबाहेरची, थडग्यांच्या दुतर्फा रांगा असलेली वाट. भावाला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की हे सगळं दृश्य मी प्रत्यक्षावरून घेतलं आहे, काही वगळलं नाही, काही घुसडलं नाही. नगरद्वाराकडे पाठ करून उभा राहिलो, कारण व्हेसुव्हियसचा काही भाग दिसायला हवा होता, सगळ्याचं मूळ तोच.

डावीकडे आपल्या दोन मुलींना कवेत घेऊन गुडघ्यांवर बसलेली आई आहे. असे सांगाडे तिथे सापडले होते, ही स्थिती तिथूनच आली. (पोकळ्यांत प्लास्टर ओतून देहांचे साचे काढायची पद्धत १८६३ ची. ब्रुलोवच्या काळी फक्त हाडं होती. हाडांवरून त्यानं अंगं उभी केली.) उजवीकडे म्हाताऱ्या बापाला उचलून नेणारे दोन मुलगे, एक सैनिक आणि एक पोरसवदा. त्यांच्याजवळ आपल्या आईची विनवणी करणारा तरुण, तो रोमन लेखक धाकटा प्लिनी. पलीकडे फुलांचं कडं डोक्यावर तसंच असलेला नवरदेव, हातांवर शुद्ध हरपलेली वधू. मध्यभागी रथातून पडून मेलेली स्त्री आणि तिला बिलगलेलं जिवंत बाळ. मागे गर्दीत एक जण रंगांची पेटी डोक्यावर धरून पळतोय. तो खुद्द ब्रुलोव.

आणि वर, छपराच्या कडेवरून खाली येणाऱ्या देवांच्या मूर्ती.

चित्र साधारण साडेचार मीटर उंच आणि साडेसहा मीटर रुंद आहे. अनातोली देमिदोव या धनाढ्य रशियनानं ते काढायला सांगितलं होतं. मोठ्या कॅनव्हासवरचं काम १८३० ते १८३३. थकून असा गळून जायचा, की कधीकधी त्याला स्टुडिओतून उचलून न्यावं लागे. शेवटाची हकिगत त्यानं स्वतः सांगून ठेवली आहे. सगळं झालं तरी चित्र उठत नव्हतं. मग वाटलं, फरसबंदीवर विजेचा उजेड कमी पडतोय. सैनिकाच्या पायांजवळचे दगड उजळले, तसा सैनिक चित्रातून पुढे आला. मग अख्खी फरसबंदी उजळली आणि कळलं, की चित्र पुरं झालं.

रोम, मिलान, मग १८३४ चं पॅरिस सलोन आणि तिथे सुवर्णपदक. देमिदोवनं चित्र झारला भेट दिलं, ते पीटर्सबर्गला पोचलं, गोगोलनं त्यावर लेख लिहिला, पुश्किननं कवितेच्या ओळी लिहिल्या. रशियन कुंचल्याला युरोपात असा मान आधी मिळाला नव्हता. ब्रुलोव तेव्हा चौतिशीत होता.

पुढची एकोणीस वर्षं जास्त अवघड आहेत. त्यावर प्रतिसादांत बोलू, एकदम सगळं लिहिलं तर फार लांबेल.

---

निशिगंध७

फार आवडलं. चित्र उघडून ठेवून वाचलं, एकेक गट सापडत गेला. एक प्रश्न : धाकटा प्लिनी तर तेव्हा पॉम्पेईत नव्हताच ना? त्यानं इतिहासकार टॅसिटसला लिहिलेली पत्रं मी वाचली आहेत, तो मिसेनमला होता असं आठवतं.

---

रेघोटी

बरोबर. मिसेनम आखाताच्या पलीकडच्या टोकाला. मामा, म्हणजे थोरला प्लिनी, तिथल्या आरमाराचा प्रमुख. तो जहाजं घेऊन मदतीला निघाला आणि गेला तो गेलाच. धाकटा तेव्हा सतरा वर्षांचा, आईजवळ मागे राहिला. पत्रात तो लिहितो, की आई म्हणाली, मी वयानं आणि शरीरानं जड झाले आहे, तू एकटा पळ, तुझ्या मृत्यूला मी कारण झाले नाही तर मी सुखानं मरेन. त्यानं तिचा हात धरला आणि तिला ओढत नेलं.

ब्रुलोवनं हा प्रसंग जाणूनबुजून उचलून पॉम्पेईच्या वाटेवर आणला. इमारती, वाट, डोंगर यांत त्यानं काडीचाही फरक केला नाही, माणसांच्या बाबतीत मात्र मोकळीक घेतली. मला ते योग्य वाटतं. त्या दिवसाचं डोळ्यांनी पाहून लिहिलेलं वर्णन म्हणजे प्लिनीची दोन पत्रंच. आई-मुलाचं हे बोलणं हाताशी असताना ते सोडायचं कसं?

---

शंकासुर

लेख मेहनतीनं लिहिला आहे, त्याबद्दल आदर आहे. पण मला हे चित्र नाटकी वाटतं आणि ते मनापासून सांगतो. एका बाजूनं ज्वालामुखीचा लाल उजेड, वरून विजेचा पांढरा. अंगाला ना राख ना जखम. मरणाच्या दारात उभी असलेली माणसं ग्रीक पुतळ्यांसारखी देखणी. रथातून पडून मेलेली स्त्रीसुद्धा सुंदर पहुडली आहे. जोवान्नी पाचिनीचा याच विषयावरचा ऑपेरा १८२५ मध्ये रंगमंचावर आला होता, पाचिनी ब्रुलोवच्या ओळखीचा, त्याच्या दोन मुली ब्रुलोवनंच रंगवल्या. रंगमंचाचा परिणाम चित्रावर झालाय हे नाकारता येणार नाही. त्याच १८३४ च्या सलोनमध्ये फ्रेंच चित्रकार देलाक्रवाचं 'अल्जीयर्सच्या स्त्रिया' लागलं होतं. दोन्ही शेजारी ठेवून बघा, उद्याची चित्रकला कुठली आणि कालची कुठली ते लगेच कळतं.

---

रेघोटी

शंकासुर, तुमचा मुद्दा गोगोललाही दिसला होता, पण त्यानं तो चित्राच्या बाजूनं मांडला. त्याच्या लेखाचा आशय असा, की या आकृत्या इतक्या सुंदर आहेत, की त्यांचं सौंदर्य प्रसंगाच्या भीषणतेवरही मात करतं. माणूस सुंदर आहे, म्हणून त्याचं जाणं सोसवत नाही. गोगोलनं यात दोष पाहिला नाही आणि मलाही दिसत नाही.

ऑपेराचं मान्य. त्या काळी सगळ्यांनाच पॉम्पेईचं वेड होतं. पण ऑपेराला नायक-नायिका लागतात, त्यांची प्रेमकथा लागते, एक खलनायक लागतो. ब्रुलोवनं यातलं काहीच घेतलं नाही. चित्राच्या ऐन मध्यभागी मेलेली बाई आहे, आणि तिचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. अकादमीच्या नियमानं ही जागा नायकाची. फ्रेंच चित्रकार दाविदच्या चित्रात मध्यभागी कोण असतं ते आठवा.

देलाक्रवाशी तुलना केलीत, पण त्याच सलोनमध्ये देलारोशचं 'लेडी जेन ग्रेचा शिरच्छेद'सुद्धा होतं, आणि त्यापुढे गर्दी लोटली होती. त्यातही एक राणीच आहे. ब्रुलोवची माणसं त्या मानानं कुणीच नाहीत.

---

जुना_जेजे

मी जे. जे. मध्ये शिकलो, म्हणून थोडं तंत्राविषयी. आमच्या वेळीही ग्रीक मूर्तींच्या प्लास्टरच्या प्रतिकृती होत्या. आधी त्यांवरून छायाप्रकाश, मग जिवंत मॉडेल, मग रचना, हा क्रम युरोपातल्या अकादम्यांकडूनच आपल्याकडे आला. ब्रुलोवची बारा वर्षं याच क्रमात गेली. त्याचा एक गुरू आंद्रेय इवानोव, म्हणजे पुढे प्रसिद्ध झालेल्या अलेक्सांद्र इवानोवचे वडील.

शंकासुर म्हणतात तसं देहांचं देखणेपण प्लास्टरवरून आलेलं आहे, यात शंका नाही. पण एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर इतक्या आकृत्या बांधून ठेवणं किती कठीण ते हातात कोळसा घेतल्याशिवाय कळत नाही. चित्रात बघा, प्रत्येक गट स्वतःपुरता बंद आहे. आई आणि मुली एक त्रिकोण. बाप आणि मुलगे दुसरा. प्लिनी आणि आई तिसरा. गटांचा एकमेकांशी जवळजवळ संबंध नाही, कुणी दुसऱ्या गटाकडे पाहतही नाही. विद्यार्थी असताना मला हा दोष वाटे. आता वाटतं, पळापळीत असंच होतं. जो तो आपल्या माणसाला धरून असतो, बाकी कुणी दिसत नाही. त्रिकोणी रचना हे अकादमीचं ठरलेलं हत्यार, त्यानं ते इथे अर्थासाठी वापरलं. सगळ्यांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच, उजेड. म्हणून फरसबंदीची ती हकिगत मला सगळ्यात खरी वाटते. पायाखालची जमीन उजळली तेव्हा सुटे गट एका जागी उभे राहिले.

रेघोटीताई, 'नार्सिसस'बद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत.

---

भटक्या_उत्तर

कामानिमित्त पीटर्सबर्गला राहत असताना हे चित्र रशियन म्युझियममध्ये पाहिलं. त्याच दालनात ऐवाझोव्स्कीची 'नववी लाट' आहे, आणि शेजारच्या दालनात फ्योदोर ब्रुनीचं 'पितळी सर्प', ते तर याहूनही अवाढव्य. ब्रुनीही अकादमीचाच, रोममध्येच तयार झालेला. दोन्ही संकटाची चित्रं. ब्रुनीसमोर मी पाच मिनिटांत कंटाळलो, ब्रुलोवसमोरून हलवेना.

पडद्यावर कळत नाही अशी एक गोष्ट सांगतो. चित्र खालून पाहताना पुढच्या आकृत्या जवळजवळ माणसाएवढ्या वाटतात आणि ती उजळलेली फरसबंदी थेट आपल्या पायांजवळ येते. पळणारी माणसं आपल्याच दिशेनं येताहेत असं वाटून माझ्यासमोरच्या एका लहान मुलीनं आजीचा हात घट्ट धरला होता. नाटकी असेल, पण परिणाम होतो.

---

मृण्मयी_ब

ब्रुलोवविषयी बोलताना तारास शेवचेंकोची गोष्ट राहू नये, म्हणून लिहिते.

युक्रेनचा हा महाकवी जन्मानं भूदास होता, एंगेलहार्ट नावाच्या जमीनदाराच्या मालकीचा. मालकासोबत पीटर्सबर्गला आला, रंगाऱ्याकडे उमेदवारी करू लागला आणि चोरून चित्रं काढू लागला. काही कलाकारांच्या नजरेला तो पडला. भूदासाला अकादमीत प्रवेश नाही, म्हणून आधी सुटका हवी. ब्रुलोव स्वतः जमीनदाराकडे बोलायला गेला आणि संतापून परत आला, असं शेवचेंकोनंच पुढे लिहून ठेवलंय. जमीनदारानं २५०० रूबल मागितले.

ब्रुलोवकडे रोकड नव्हती. त्यानं कवी झुकोव्स्कीचं व्यक्तिचित्र काढलं. झुकोव्स्की युवराजाचा शिक्षक, त्यामुळे राजवाड्यापर्यंत पोच होती. १८३८ च्या वसंतात त्या चित्राची सोडत काढली, राजघराण्यानं तिकिटं घेतली, पैसे जमले आणि चोवीस वर्षांचा शेवचेंको मोकळा झाला. लगेच अकादमीत ब्रुलोवचा विद्यार्थी म्हणून शिकू लागला.

पीटर्सबर्गला परतल्यावर ब्रुलोवनं काय केलं, असं कुणी विचारलं तर मी हे सांगेन. एका व्यक्तिचित्रानं एक माणूस गुलामीतून सुटला. ते चित्र आज कीव्हमधल्या शेवचेंको संग्रहालयात आहे.

---

निशिगंध७

मृण्मयी, अंगावर काटा आला. हे माहीतच नव्हतं. शेवचेंकोचं नाव फक्त कवी म्हणून ऐकलं होतं.

---

कोकणकडा

चांगला धागा. पण मूळ प्रश्न राहतोच की. चौतिसाव्या वर्षी असं चित्र काढणारा माणूस पुढे तसं दुसरं का काढू शकला नाही? 'त्यानंतरची एकोणीस वर्षं' असं शीर्षकात आहे, त्यावर येऊ द्या.

---

रेघोटी

येतेच.

१८३५ मध्ये तो इटलीहून ग्रीस आणि तुर्कस्तानच्या प्रवासाला निघाला, वाटेत आजारी पडला, आणि कॉन्स्टँटिनोपलहून वर्षअखेरीस मॉस्कोला आला. तिथे त्याचे सत्कार झाले, पुश्किनशी ओळख झाली. पण झारचा हुकूम होता, पीटर्सबर्गला या. १८३६ मध्ये तो अकादमीत प्राध्यापक झाला. निकोलाय पहिल्याला त्याच्याकडून रशियन इतिहास हवा होता. सुचवलेला विषय : कझान काबीज होत असताना इवान द टेरिबल आणि त्याची राणी खेड्यातल्या घरात गुडघे टेकून प्रार्थना करताहेत. ब्रुलोवनं तो नाकारला आणि स्वतःचा विषय पुढे केला. १५८१ मध्ये पोलंडचा राजा स्टीफन बाथरी यानं घातलेला प्स्कोवचा वेढा, आणि नगरातल्या लोकांनी तो कसा परतवला.

विषयाची निवड नीट बघा. पुन्हा नगर, पुन्हा तटबंदी, पुन्हा लोक. पॉम्पेईसारखीच तयारीही केली. पुरातत्त्वाचा अभ्यासक फ्योदोर सोल्नत्सेव याला घेऊन तो प्स्कोवला गेला, भिंती पाहिल्या, टिपणं काढली. कॅनव्हास पॉम्पेईपेक्षाही थोडा मोठा. १८३९ ला सुरुवात केली, १८४३ पर्यंत पुन्हा पुन्हा हात घातला आणि अर्धवट सोडून दिला. तो आज त्रेत्याकोव गॅलरीकडे आहे. धूर, घोडे, क्रॉस आणि निशाणं घेऊन निघालेली मिरवणूक, तटाला पडलेलं खिंडार. सगळं आहे, पण नजर कुठे थांबत नाही.

माझं मत असं : पॉम्पेईत त्याला कुणाचा विजय दाखवायचा नव्हता. प्स्कोवमध्ये दाखवायचा होता. राष्ट्राचा पराक्रम, धर्माची शक्ती, झारच्या राज्याचा गौरव. एकेका माणसाच्या भीतीतून आणि मायेतून चित्र बांधणाऱ्याला हे पेललं नाही, आणि खोटं काढायचं नव्हतं, म्हणून त्यानं सोडलं. अर्धवट सोडणं हा त्याचा प्रामाणिकपणा होता, असं मी मानते.

त्यात खासगी आयुष्य विसकटलेलं. १८३९ मध्ये रीगाच्या नगराध्यक्षाची मुलगी एमिलिया टिम हिच्याशी लग्न झालं आणि काही आठवड्यांतच मोडलं. पीटर्सबर्गच्या समाजानं सगळा दोष त्याच्यावर ढकलला आणि अनेक घरांची दारं त्याला बंद झाली. त्या काळात काउंटेस यूलिया सामोयलोवा पाठीशी उभी राहिली. इटलीपासूनची त्याची सखी. पॉम्पेईतल्या आईचा चेहरा तिचाच, आणि पाचिनीच्या मुलींना सांभाळलं ते हिनंच.

१८४३ मध्ये सेंट आयझॅक कॅथीड्रलच्या घुमटाचं काम मिळालं. इथे तो खरा फुलला. पण नवी इमारत, ओल, दगडाची धूळ, बोचरी थंडी, आणि उंच परांचीवर मान वर करून काम. हृदय खराब झालं. १८४७ मध्ये काम सोडावं लागलं, त्याच्या आराखड्यांवरून ते प्योत्र बासिननं पुरं केलं.

---

शंकासुर

प्स्कोवबद्दल थोडा वेगळा विचार मांडतो. झारच्या दडपणावर सगळं टाकून चालणार नाही. विषय ब्रुलोवनंच निवडला होता. मला वाटतं अडचण शैलीची होती. उद्रेकात पळणारा उघडा रोमन देह रंगवायला प्लास्टरची शिस्त पुरते. चिलखतातला, दाढीवाला, लांब अंगरख्यातला सोळाव्या शतकातला रशियन माणूस त्या शिस्तीत बसत नाही. त्याला रंगवायची भाषा तेव्हा तयारच नव्हती. ती आली चाळीसेक वर्षांनी, सुरिकोवच्या हातून. 'स्त्रेल्त्सींच्या फाशीची सकाळ' १८८१ चं. सुरिकोवही अकादमीतच शिकला, पण त्यानं चेहरे शोधले ते बाजारात आणि स्मशानात.

मात्र एक कबूल करतो. सुरिकोवच्या चित्रांतही नायक म्हणजे गर्दीच. 'इतिहास पण नायक नाही' ही वाट रशियात आधी कुणी दाखवली, असं विचारलं तर पॉम्पेईचं नाव घ्यावं लागेल. धागा वाचण्याआधी मी या दोघांचा संबंध जोडला नव्हता.

---

रेघोटी

शंकासुर, दाढी आणि अंगरख्याचा मुद्दा मला खूप पटला. माझ्या मांडणीत तो नव्हता. दोन्ही कारणं एकमेकांना पूरक आहेत असं आता वाटतं : वरून हवा तो गौरव दाखवायची इच्छा नाही, आणि स्वतःला दाखवायचं ते रंगवायला हात तयार नाही.

---

जुना_जेजे

मग ब्रुलोवची अकादमीबाहेरची भाषा कुठे दिसते, तर व्यक्तिचित्रांत. तिथे त्याला कुणी विषय नेमून देत नव्हतं. ज्या प्रकाराला अकादमीनं खालच्या पायरीवर बसवलं त्यातच त्याचं उत्तम काम झालं. 'अश्वारूढा' (१८३२) दरबारी थाटाचं आहे, काळा घोडा, फेसाळलेलं तोंड, वर शांत बसलेली मुलगी. पण छज्जातून तिच्याकडे टक लावून पाहणारी ती पाचिनीची धाकटी अमात्सिलिया, तिच्यात सगळा जीव आहे. १८४० चं लेखक-अनुवादक स्त्रुगोवश्चिकोवचं चित्र बघा, खुर्चीत थकून बसलेला विचारी माणूस. आणि १८४८ चं स्वतःचं. सात महिने खोलीत कोंडून काढल्यावर डॉक्टरांनी उठायची मुभा दिली, तेव्हा आरसा समोर ठेवून सुमारे दोन तासांत केलेलं. खुर्चीच्या हातावरून लोंबणारा फिकट हात, त्यावरच्या शिरा. एकही रेघ सजवलेली नाही. बारा वर्षं प्लास्टर घोटल्याशिवाय दोन तासांत असा हात उतरत नाही, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

---

मृण्मयी_ब

पुश्किनचा उल्लेख आला म्हणून. ब्रुलोवचा विद्यार्थी मोक्रित्स्की याच्या रोजनिशीत एक नोंद आहे. २५ जानेवारी १८३७ ला पुश्किन आणि झुकोव्स्की स्टुडिओत आले. ब्रुलोवनं त्यांना स्मिर्ना इथल्या एका नाचाच्या मेजवानीला येणाऱ्या पाहुण्यांचं मजेदार जलरंगातलं चित्र दाखवलं. पुश्किन हसून हसून लोटपोट, ते सोडवेना. शेवटी गुडघे टेकून मागू लागला. चित्र आधीच दुसऱ्या कुणाला दिलेलं, म्हणून ब्रुलोवनं दुसरं काढून द्यायचं कबूल केलं आणि पुश्किनचं व्यक्तिचित्र काढायचंही ठरलं. दोन दिवसांनी पुश्किन द्वंद्वात जखमी झाला आणि २९ तारखेला गेला. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे या तारखा आहेत.

ब्रुलोवनं काढलेला पुश्किन आपल्याला कधीच मिळाला नाही.

---

कोकणकडा

एवढा गाजलेला माणूस नंतर विस्मरणात कसा गेला मग? की रशियात तो अजून मोठाच मानला जातो?

---

रेघोटी

रशियात शाळेतल्या पोरालाही पॉम्पेई माहीत असतं. पण टीकाकारांनी मध्ये त्याला फार खाली ओढलं. व्लादीमिर स्तासोवचं उदाहरण बोलकं आहे. १८५२ मध्ये ब्रुलोव वारल्यावर त्यानं रोममधल्या शेवटच्या कामांवर भारावून लिहिलं, आणि १८६१ मध्ये त्याच ब्रुलोवला पोकळ, देखाव्याचा चित्रकार ठरवलं, इवानोवला खरा मोठा मानलं. दोन वर्षांनी, १८६३ मध्ये, क्राम्स्कोयसह चौदा विद्यार्थ्यांनी अकादमीचा नेमून दिलेला विषय (नॉर्स पुराणांतली, वाल्हालातली ओडिनची मेजवानी!) घ्यायला नकार दिला आणि बाहेर पडले. नव्या पिढीला अकादमीशी भांडायचं होतं, आणि तिचा सगळ्यात झळाळता चेहरा ब्रुलोवचा होता. त्यांचा राग मला समजतो. अकादमीविरुद्धचा तो राग ब्रुलोवच्या चित्रांवर निघाला, हे मात्र अन्यायाचं झालं. द्राक्षं तोडणाऱ्या बाईसाठी संस्थेशी भांडणारा ब्रुलोव या चौदा जणांना आपला वाटायला हरकत नव्हती.

इवानोवशी तुलना आजही होते. त्याच उत्तेजन संस्थेनं रोमला पाठवलेला, 'ख्रिस्ताचं लोकांसमोर प्रकटणं' या एका चित्रावर त्यानं वीस वर्षं (१८३७–१८५७) घालवली. एक वेगानं जळणारा, दुसरा सावकाश. एकाला मोठं करायला दुसऱ्याला लहान करायची गरज मला वाटत नाही.

---

निशिगंध७

शेवट रोमलाच झाला ना? आणि यातलं काय कुठे बघायला मिळतं तेही लिहाल का? पुढच्या वर्षी रशियाला जायचं घाटतंय.

---

रेघोटी

हो. १८४९ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्यानं रशिया सोडून मदेइरा बेटावर गेला, १८५० मध्ये पुन्हा इटलीत आला. रोमजवळच्या मान्त्सियाना गावी २३ जून १८५२ ला वारला, दफन रोमच्या प्रोटेस्टंट स्मशानभूमीत. शेवटच्या वर्षांत त्यानं मिकेलांजेलो लान्ची या वृद्ध पुरातत्त्वज्ञाचं व्यक्तिचित्र (१८५१) केलं. लाल अंगरखा, चश्मा हातात, डोळे आत्ता काहीतरी विचारणारे. आजारी चित्रकाराचा हात त्यात कुठेही थरथरत नाही.

पीटर्सबर्गला रशियन म्युझियममध्ये पॉम्पेई आणि 'इटालियन दुपार'. तिथेच अमात्सिलियासह नाचाच्या मेजवानीतून निघालेली सामोयलोवा, ती चुकवू नका. घुमटासाठी सेंट आयझॅक, शक्यतो दुर्बीण बरोबर ठेवा, खालून बारकावे दिसत नाहीत. मॉस्कोला त्रेत्याकोवमध्ये 'नार्सिसस' सोडून (ते पीटर्सबर्गलाच आहे) बाकी बहुतेक महत्त्वाचं : अश्वारूढा, स्त्रुगोवश्चिकोव, १८४८ चं आत्मचित्र, लान्ची. इवानोवचं ते प्रचंड चित्रही तिथेच, वेगळ्या दालनात. 'इटालियन सकाळ' मात्र रशियात नाही, ते जर्मनीत कीलच्या कलासंग्रहालयात आहे.

जुना_जेजे, इवानोववर तुम्ही स्वतंत्र धागा काढा, अशी आग्रहाची विनंती. त्याची पूर्वाभ्यासाची तैलचित्रं शेकड्यांनी आहेत, आणि त्यांवर हातात कोळसा धरलेल्या माणसानंच लिहायला हवं.